मुक्का मंडळाचा बराबर निकाल

दोन माणसांना एकमेकांना बुकलायला कुणाची परवानगी लागत नाही; पण त्यांतला जिंकला कोण हे सांगायला मात्र किमान सात माणसांचं मंडळ लागतं. ज्या मुलखात असं मंडळ नसतं तिथं जो उभा राहिला तो जिंकला आणि जो आडवा झाला तो हरला, असं लोक आपल्या मनानंच ठरवून मोकळे होतात. याला रानटीपणा म्हणतात. हिंगोली आणि आसपासचा मुलूख १९३६ सालापर्यंत याच अवस्थेत होता. मोंढ्यात, कयाधू नदीच्या काठावर, बाजारच्या दिवशी गुत्त्यापुढं मारामाऱ्या होत, निकाल जागच्या जागी लागत आणि लोक घरी जाऊन जेवत. अपिलाची सोय कुठंच नव्हती.

ही उणीव भरून निघाली ती गुलाम नबींमुळं. गुलाम नबी मूळचे हिंगोलीचेच, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सिकंदराबादेच्या छावणीत एका गोऱ्या कप्तानाचा खानसामा म्हणून काढली. कप्तान मुक्केबाजीचा शौकीन. विलायतेला परत जाताना त्यानं गुलाम नबींना कातडी हातमोज्यांचे दोन जोड बक्षीस दिले. (काहीतरी जास्त द्यायचंही त्याच्या मनात होतं म्हणतात, पण ट्रंकेत हातमोजेच वर होते.) ते घेऊन गुलाम नबी पूर्ण्याच्या गाडीनं हिंगोलीला उतरले आणि घरी येऊन बघतात तर उंदरांनी आतलं सगळं भरण खाऊन टाकलेलं. म्हणून त्यांनी मकबूल पिंजाऱ्याला बोलावलं.

मकबूल गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा. पिंजाऱ्याचं काम ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. डाव्या हातात धनुष्यासारखी पिंजण तोलून धरायची आणि उजव्या हातानं लाकडी दस्ता तिच्या ताणलेल्या तातेवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हाणत राहायचा. वीस वर्षं असं केलं की उजवा दंड डाव्याहून दुप्पट होतो आणि सदरा शिवताना शिंप्याशी वाद होतो. मकबूलनं हातमोज्यांत कापूस भरला, टाके घातले. भरण सारखं बसलंय का बघायला गुलाम नबींनी ते त्यालाच घालायला लावले आणि दोरीवर टांगलेल्या जुन्या रजईवर एक ठोसा मारायला सांगितला. रजई फाटली. कापूस अंगणभर झाला.

"बराबर," गुलाम नबी म्हणाले.

हा त्यांचा शब्दच होता. चहा चांगला झाला, बराबर. गाडी वेळेवर आली, बराबर. शेजारी वारला, तेव्हासुद्धा मयतीची तयारी नीट झालेली बघून ते बराबरच म्हणाले होते. आमच्याकडं या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे योग्य, जसं हवं तसं. दुसरा म्हणजे समसमान, ना कमी ना जास्त. बोलणाऱ्याला कुठला म्हणायचाय हे त्याच्या तोंडाकडं बघून कळतं. पुढं जे मंडळ झालं त्याच्या नियमांत तोंडाकडं बघायची तरतूद नव्हती, एवढीच काय ती अडचण.

मंडळ झालं ते संपतराव देशमुखांच्या पुढाकारानं. संपतरावांची जमीन पुसेगावाकडं आणि बिऱ्हाड हिंगोलीत. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता (त्याला त्यांच्याकडं माणसं होती), त्यामुळं त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत होण्याचं कारण नव्हतं. ते अध्यक्ष झाले. रामकिशन मास्तर चिटणीस झाले, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. बाकी सभासदांत एक वकील, एक जिनिंगचे मॅनेजर, मार बसलेल्यांना औषध देता यावं म्हणून एक वैद्य, आणि ज्यांच्या घरच्या खुर्च्या बसायला आणल्या होत्या ते दोघे भाऊ. मुक्केबाजी बघितलेला माणूस गावात एकच होता. ज्याला विषयाची माहिती आहे त्याचं मन आधीच कलुषित असतं, म्हणून गुलाम नबींना मंडळात न घेता नुसतं पंच नेमलं.

'हिंगोली मुक्का नियामक मंडळा'नं पहिल्याच बैठकीत मुक्केबाजांची क्रमवारी जाहीर केली. तोवर एकही लढत झालेली नव्हती. लढती झाल्यावर क्रमवारी लावली तर तिच्यावर लढतींचा परिणाम होण्याची भीती असते, हे मंडळानं वेळीच ओळखलं. पहिला क्रमांक, आणि म्हणून विजेतेपद, पुसेगावच्या देवला धनगराला मिळालं. देवला अंगानं धिप्पाड होता आणि त्याची मेंढरं दरसाल खतासाठी संपतरावांच्या शेतात बसत, म्हणजे माणूस ओळखीतला होता. तुला विजेता केलंय असं सांगायला मास्तर स्वतः गेले, तेव्हा देवलानं विचारलं, कशाचा. दुसरा क्रमांक सेनगावाकडच्या एका पहिलवानाला दिला होता. तो दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत वारला असल्याचं नंतर कळलं. पण नाव कमी करायला ज्याचं त्याचा अर्ज लागतो, आणि तसा अर्ज आला नाही. शिवाय त्यानंतर तो एकही लढत हरला नव्हता. नवव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर मकबूल होता. मधली मंडळी, प्रकार काय आहे तो कळल्यावर, एकेक करून परगावी कामाला गेली. तेव्हा दसऱ्याच्या मेळ्यात देवला विरुद्ध मकबूल अशी लढत ठरली.

नियम एकूण एकेचाळीस. गुलाम नबींना कप्तानाच्या ओरडण्यातले जेवढे आठवत होते तेवढे त्यांनी सांगितले, त्यातले सभ्य शब्द मास्तरांनी ठेवले, आणि एवढ्यानं काही कागद भरेना म्हणून उरलेले स्वतः रचले. वजनाचा नियम होता. त्याप्रमाणं दोघांना मोंढ्यातल्या कापसाच्या काट्यावर तोललं. देवला घोंगडी काढायला तयार होईना. घोंगडीशिवाय धनगर म्हणजे धनगरच नव्हे, हे त्याचं म्हणणं मंडळाला पटलं आणि घोंगडी हा देहाचाच भाग समजावा असा ठराव झाला. मकबूलनं आपली पिंजण देहात धरा म्हटलं नाही. तो त्याचा दोष. आणखी एक नियम असा की, शेवटी रिंगणात जो उभा तो विजेता. हा जुन्या रानटी लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून ठेवला होता, वापरायचा नव्हता. पंच हा रिंगणात असला तरी नसल्यासारखा समजावा, असंही पुढं होतं. हरलेल्यानं घरी जावं. विजेत्यानं मंडळाच्या परवानगीशिवाय मुलूख सोडू नये. आणि निवृत्त होण्याचा अधिकार फक्त विजेत्याला. ज्याच्याकडं काही नाही तो निवृत्त कशातून होणार? असा माणूस मधूनच उठून गेला तर तो पळपुटा समजून तशी दवंडी आसपासच्या सगळ्या बाजारांत पिटावी.

मकबूलची बायको जुलेखा हिला हे काही पसंत नव्हतं. पिंजाऱ्याच्या घरात उजवा हात हाच काय तो जमीनजुमला, आणि दसरा झाला की थंडी लागते, रजयांचा हंगाम तोंडावर. मकबूलनं तिला शब्द दिला की एकदाच लढतो, जिंकतो आणि सोडून देतो. खरं सांगायचं तर त्याला हौस वाटायला लागली होती. जन्मभर लोकांनी त्याच्या हाताचं काम अंगाखाली घेऊन झोपण्यापलीकडं काही केलं नव्हतं. एकदा चारचौघांनी बघून वा म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. यात गैर काही नाही.

दसऱ्याच्या मैदानावर दोन हजार माणूस होतं. (मंडळाचा अंदाज पाच हजारांचा, खुर्च्यांवरून गर्दी जास्त दिसते.) पहिल्या दोन फेऱ्यांत दोघांनी एकमेकांना नुसतं चाचपलं. तिसऱ्या फेरीत देवलानं मारलेला ठोसा मकबूलनं डाव्या हातावर घेतला आणि उजवा हात, जसा तातेवर हाणावा तसा, आखूड आणि मनगटातून हाणला. देवला बसला, मग आडवा झाला. गुलाम नबींनी दहा अंक मोजले. देवलानं पडल्या पडल्या पाणी मागितलं. गुलाम नबींनी मकबूलचा हात धरून वर केला. इतकी नीट, कप्तानाच्या छावणीत शोभेल अशी लढत आपल्या गावात झाली याचं त्यांना भरून आलं, आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "बराबर."

लोकांनी मकबूलला खांद्यावर घेतलं. तिकडं चिटणीसांनी निकाल टिपला: लढत बराबरीत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी बसली. गुलाम नबी छावणीतला ठेवणीतला कोट घालून आले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं त्यांनी खरं उत्तर दिलं, त्यामुळं प्रकरण हाताबाहेर गेलं.

"तुमी काल बराबर असं बोललात का?" संपतरावांनी विचारलं.

"बराबर, साहेब."

"म्हणजे लढत बराबर झाली?"

"एकदम बराबर. कायदे से. कप्तानसाब होते तो वो भी यहीच बोलते."

मास्तरांनी लेखणी टेकवली. मकबूल मागं उभा होता, त्यानं देवला पडला होता ना असं मधे विचारलं. त्यावर गुलाम नबी म्हणाले, बराबर पडला. वकिलांनी यातून निष्कर्ष काढला की पंचांच्या मते देवलाचं पडणं हे मकबूलच्या उभं राहण्याच्या बरोबरीचं होतं, आणि हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनं नवा आणि विचार करण्याजोगा आहे.

देवलाला बोलावलं. त्याचा जबडा सुजून कानापर्यंत गेला होता. "म्या हरलो की," तो म्हणाला, "ह्ये बघा ना." मार खाणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण लढतीच्या शेवटी तो शुद्धीवर नसतो, असं मंडळानं ठरवलं. प्रेक्षकांची साक्ष घ्यावी असं वैद्यांनी सुचवून पाहिलं. पण प्रेक्षकांनी लढत बघितली होती, निकाल बघितला नव्हता. आणि मंडळाचा संबंध निकालाशी. राहता राहिली चूक दुरुस्त करायची गोष्ट. त्यावर संपतरावांनी जे भाषण केलं ते मोलाचं होतं. ते म्हणाले, मंडळानं एक चूक दुरुस्त केली तर मंडळ चुकतं असं सिद्ध होईल; मंडळ चुकतं असं झालं तर त्याचे सगळेच निर्णय संशयात येतील; त्यात ही दुरुस्तीही आली; म्हणजे मकबूलचा विजयही संशयास्पद ठरेल. तेव्हा मकबूलच्याच हितासाठी त्याला विजयी न करणं भाग आहे.

हे ऐकून मकबूललाही क्षणभर वाटलं की आपल्यावर उपकार होतायत. ठराव झाला. लढत बराबर, विजेतेपद देवलाकडं कायम, आणि मकबूलच्या पराक्रमाची कदर म्हणून त्याला 'कायम आव्हानवीर' हा किताब. निकालाची दवंडी झाली तेव्हा, चौकशीतून बाहेर येताच मकबूलला पुन्हा खांद्यावर घेतलेली मंडळी चावडीपर्यंतच पोचली होती (मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू ठेवायची आमच्याकडं पद्धत आहे). त्यांनी त्याला खाली ठेवलं. हळूच ठेवलं, हे नोंदवायला हवं. त्यातल्या दोघांनी तर कालच आपल्याला शंका आली होती असं सांगितलं.

दरम्यान मकबूलचं मनगट सुजलं होतं. वैद्यांनी लेप दिला आणि सभासद म्हणून नव्हे, वैद्य म्हणून सांगितलं की आणखी एक अशी लढत झाली तर या हातात दस्ता काय, घास धरणंही कठीण जाईल. जुलेखानं ते भिंतीआडून ऐकलं. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "हात गेल्यावर रजया कोन पिंजनार, मंडळ?" वैद्यांनी लेपाच्या पट्टीचा आणखी एक वेढा आवळला.

मकबूल मंडळापुढं गेला. मला जिंकलेला म्हणा, म्हणजे मी निवृत्त होतो, असं त्याचं साधं म्हणणं. मंडळाला ते विचारार्ह वाटलं आणि मंडळानं विचार केला. विचाराअंती नियमात दुरुस्ती झाली: विजेत्याला निवृत्त होता येईल, पण त्याआधी त्यानं क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाशी लढणं बंधनकारक राहील. दुसरा क्रमांक अजूनही त्या पटकीतल्या पहिलवानाचाच होता. त्याला लढतीचं बोलावणं रीतसर गेलं. त्याच्या विधवेनं, गोजरबाईनं, ते आणणाऱ्याला दारात उभं करून विचारलं, "ते गेले तवा तुमी मातीला आले व्हते का न्हाई?" हे उत्तर अपुरं आहे असा शेरा मारून मंडळानं प्रकरण पुढं ढकललं.

याच सुमाराला औंढ्याला दुसरं मंडळ निघालं. हिंगोलीच्या मंडळात ज्यांना घेतलं नव्हतं त्यांनी ते काढलं. त्यांनी हिंगोलीचं विजेतेपद बेकायदा ठरवलं, नवी क्रमवारी लावली, आणि वैर कितीही असलं तरी तिच्यातही पहिला देवला, दुसरा तोच कैलासवासी आणि शेवटचा मकबूल. एवढं एकमत झाल्यावर भांडण फार दिवस टिकणं शक्य नव्हतं. महाशिवरात्रीच्या यात्रेत औंढ्याला दोन्ही मंडळांच्या विद्यमाने फेरलढत घ्यायचं ठरलं. पंच गुलाम नबीच. पण त्यांना दोन्ही मंडळांनी मिळून ताकीद दिली की निकाल सांगताना 'जिंकला' किंवा 'हरला' यांतलाच शब्द वापरायचा, दुसरा शब्द तोंडातून निघाला तर हातमोजे जप्त.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी मकबूल पुसेगावच्या शिवारात देवलाला भेटायला गेला. देवला एका बाभळीखाली बसला होता आणि मेंढरं नांगरलेल्या रानात ढेकळं हुंगत होती. त्याचे भाऊबंद दिवाळीनंतरच कळप घेऊन गोदावरीकडं उतरले होते. तिकडं चारा असतो. हा विजेता असल्यामुळं मुलूख सोडू शकत नव्हता. परवानगी मागितली होती. मंडळानं ती देण्याचं तत्त्वतः मान्य केलं होतं.

"देवला, औंढ्याला मी पडनार हाय," मकबूल म्हणाला. "हरला की घरी जावं, असा कानून हाय. माझं मनगट बघ."

देवलानं मनगट बघितलं, दाबून बघितलं. मग त्यानं मेंढरांकडं हात केला. "न्हाई मकबूलभाई, ते जमायचं न्हाई. म्या पडनार हाये. ह्या मुक्या जीवाचे हाल पाहून राहिले ना तुमी? म्या विजेता राहिलो तर आवंदा अर्धा कळप जातो."

"मंग मी जिंकून काय करू? निवृत्त व्हायला त्या मेलेल्याशी लढा लागतंय."

"ते बी खरंच हाये," देवला म्हणाला. "पर तुमी एकदा जिंकले ना. पुन्ना जिंका."

"तवा जिंकलो म्हनूनच ह्ये सगळं होऊन राहिलंय."

दोघं बराच वेळ हुज्जत घालत बसले. दोघांना एकमेकांबद्दल वाईट वाटत होतं आणि माघार कुणालाच घेता येत नव्हती. मुक्केबाजीच्या इतिहासात दोन गडी लढतीआधी इतक्या निकरानं भांडले नसतील. उठताना देवलानं मकबूलला दुधाचा तांब्या दिला आणि तुमच्या आधी मीच पडणार असं बजावलं.

औंढ्याची यात्रा त्या वर्षी जोरात भरली होती. नागनाथाचं दर्शन घेऊन लोक थेट रिंगणाकडं आले. दोन मंडळांच्या मिळून चौदा खुर्च्या लागल्या, त्यामुळं रिंगण आखूड करावं लागलं. मकबूल हातमोजे घालून उभा होता. हंगाम जवळजवळ संपला होता. सुजलेला हात घेऊन त्यानं निम्म्याहून कमी रजया पिंजल्या होत्या आणि गिऱ्हाइकं वाशिमच्या पिंजाऱ्यांकडं गेली होती. आता फक्त एकदा पडायचं आणि घरी जायचं. थाळी वाजली.

थाळीचा नाद अजून हवेत होता तोवर दोघंही जमिनीवर होते. कोण आधी पडला यावर औंढ्यात अजून दोन मतं आहेत. देवला धिप्पाड, त्यामुळं त्याला जमिनीपर्यंत पोचायला वेळ लागला असं काही म्हणतात. दुसरे म्हणतात की तो खाली बघण्यात वेळ न घालवता नीट डोळे मिटून पडला होता, आणि मकबूलचा एक डोळा उघडा होता. गुलाम नबी आधी गोंधळले. मग त्यांनी देवलावर दहा अंक मोजले, मकबूलवर दहा मोजले, आणि वळून चौदा खुर्च्यांकडं बघितलं. त्यांच्या ओठांवर आलेला शब्द सगळ्यांना दिसत होता. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम खरे व्हावेत असा तो क्षण होता, आणि त्याच शब्दाला बंदी होती. गुलाम नबींनी तो गिळला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

संपतराव खुर्चीवरून उठले. दोघांना उभं करायला ते स्वतः रिंगणात शिरले. उठ रे देवला, उठ रे मकबूल, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं, मग दरडावून पाहिलं. देवला घोरायला लागला. मकबूलनं उघडा डोळाही मिटला. तेवढ्यात रिंगणाबाहेर रामकिशन मास्तर नियमांचा कागद घेऊन उभे राहिले. वाचत असताना ते थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. शेवटी रिंगणात जो उभा तो विजेता. पंच नसल्यासारखा समजायचा. उभे कोण, तर अध्यक्ष.

चौदाही खुर्च्यांनी विचारविनिमय केला. संपतरावांनी एकही ठोसा खाल्लेला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या बाजूची होती. एकही मारलेला नव्हता, यावरून त्यांची खेळाडू वृत्ती दिसत होती. वजन करायचं राहिलं होतं, ते खुर्चीसकट झालं. गुलाम नबींनी त्यांचा हात वर केला आणि जप्तीच्या भीतीनं स्पष्ट उच्चारात म्हणाले, "जिंकला." यात्रेनं टाळ्या वाजवल्या आणि संपतरावांना खांद्यावर घेतलं. दोन्ही मंडळांना मान्य असलेला हा पहिलाच विजेता. पुढं कित्येक वर्षं ते अजिंक्य राहिले. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसानं त्यांना कधी आव्हान दिलं नाही.

हरलेल्यानं घरी जावं. देवला त्याच पावली मेंढरं हाकत गोदावरीकडं उतरला. मकबूल आणि गुलाम नबी हिंगोलीकडं जाणाऱ्या एका बैलगाडीत बसले. मकबूल मनगट चोळत होता. हात वाचला याचा त्याला आनंद होता, आणि तरी त्याच्या छातीत काहीतरी दुखत होतं, ज्याला वैद्याकडं लेप नव्हता.

"दसरे को तू जीता था," गुलाम नबी एकाएकी म्हणाले.

"मंग तवा काहून न्हाई बोल्ले, चाचा?"

गुलाम नबी त्याच्याकडं वळले. "बोला था ना, बेटा," ते म्हणाले. "सबके सामने बोला था."

घरी आल्यावर जुलेखानं विचारलं, कोण जिंकलं. संपतराव, असं मकबूल म्हणाला. तिनं त्याचा हात उजेडात धरून उलटासुलटा बघितला, बोटं एकेक मिटून बघितली, आणि जेवायला वाढलं. पुढल्या आठवड्यात विजेत्याला बसायला नवी गादी हवी म्हणून संपतरावांचा निरोप आला. मकबूलनं ती पिंजून दिली. चांगली दिली, कामात त्यानं कधी राग काढला नाही. फक्त कधीमधी तातेवर दस्ता हाणताना तो थांबायचा, आणि त्याच्या मनात यायचं की एवढ्या दोन हजार माणसांत एखाद्यानं तरी चावडीपुढं म्हणायला हवं होतं की आम्ही बघितलंय.

ते कुणी म्हटलं नाही याबद्दल त्या लोकांना नावं ठेवण्याची घाई करू नये. देवला तिसऱ्या फेरीत पडला, दहा अंक मोजले गेले, त्यानं पाणी मागितलं, हे सगळं तुमच्याही डोळ्यांदेखत झालं. लढत तिथंच संपली होती. तरी तुम्ही पुस्तक मिटलं नाही. मंडळ काय म्हणतं ते बघायला शेवटपर्यंत बसून राहिलात. मंडळाची एक खुर्ची सध्या रिकामी आहे आणि लागणारी पात्रता एवढीच आहे.